जिनिंगच्या आवाजाला कानातला कापूस पुरत नाही

पत्र :

काका, नमस्कार. माझं माहेर धरणगाव तालुक्यातलं, सासर धुळ्याचं. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले होते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, 53 वर्षांचे आहेत आणि 26 वर्षांपासून जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटर आहेत. हंगाम संपून त्यांना पंधरा-वीस दिवस झाले होते. माझी पाच वर्षांची मुलगी त्यांच्या मांडीवर बसून तासभर बोलत होती आणि आबा नुसते हसत होते. नंतर माझ्या लक्षात आलं की त्यांना त्यातलं फारसं काही कळत नव्हतं. विचारलं तर म्हणाले, “माले समदं आयकू येस.” आई म्हणते, स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ देत नाहीत आणि टीव्ही मात्र गल्लीला ऐकू जाईल एवढा लावतात. पावसाळ्यात त्यांचा डावा कान वाहतो, तेही जुनंच दुखणं आहे.

माझा 22 वर्षांचा भाऊ या हंगामापासून त्याच जिनिंगमध्ये मशीनवर लागला. पहिल्या महिन्यात रात्री झोपताना कानात शिट्टी वाजते म्हणत होता. आता काही म्हणत नाही. आबा कानात रुईचे बोळे घालतात, तिथले सगळेच घालतात. भाऊ मोबाईलचे इअरफोन लावून गाणी ऐकत काम करतो. माझे मिस्टर म्हणतात, आवाज बंद करणारे भारी हेडफोन मिळतात, ते घेऊन देऊ. मोबाईलवर पाहिलं तर दहा रुपयांच्या प्लगपासून दोन हजारांच्या हेडफोनसारख्या वस्तूपर्यंत सगळं आहे. कुणावर 29 लिहिलंय, कुणावर 37. दिवाळीआधी दोघांनाही घेऊन द्यायचं आहे. काय घेऊ? एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यावं, असं वाटतं.

— एक लेक, धुळे

उत्तर :

ताई, दोघांना एकच वस्तू घेऊ नका. भावाला कानात बसणारे प्लग घ्या, दोरी नसलेले. आबांना कानावर बसणारे मफ घ्या, पण त्याआधी त्यांचा डावा कान कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मिस्टरांनी सुचवलेले हेडफोन सध्या राहू द्या. उत्तर एवढंच आहे. मात्र नुसत्या वस्तू नेऊन दिल्या तर त्या आठ दिवसांत खुंटीवर टांगलेल्या दिसतील, म्हणून कारणांसकट लिहितो.

मी भुसावळ भागातल्या एका कारखान्याच्या यंत्रशाळेत 31 वर्षं काम केलं. त्यातली शेवटची 14 वर्षं सुरक्षा विभागात गेली. पहिली नऊ वर्षं मीही कानात कापूसच घालायचो. आज सांजेला अंगणात बसलो की बायको म्हणते, रातकिडे किती ओरडताहेत. मला ते ऐकूच येत नाहीत. म्हणून हे पत्र बाजूला ठेवणं मला जमलं नाही.

आधी कापसाचं बोलू, कारण आपल्या भागात तो हाताशी असतो आणि त्याच्यावर विश्वासही असतो. कापसाच्या तंतूंमधून हवा खेळते, म्हणून तर तो गादीत भरतात. जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. बोळ्याने आवाज जरासा मऊ वाटतो, पण दहा डेसिबलही (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) कमी होत नाही. आणि कानात काहीतरी घातलंय या समाधानात माणूस तिथे वर्षानुवर्षं उभा राहतो. तंतू आत राहून कानात खाज सुटते ती वेगळीच.

डेसिबलची मोजणी आपल्या नेहमीच्या मापांसारखी चालत नाही, म्हणून फसगत होते. किलोत पाच मिळवले तर पाचच वाढतात. डेसिबलमध्ये तीन वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि दहा वाढले की दहापट. 85 आणि 95 यांतला फरक कानाला थोडा वाटतो, पण कानाच्या आतल्या पेशींवर दहापट मार बसतो. भारतातल्या कारखान्यांच्या नियमांत 8 तासांसाठी 90 डेसिबल ही मर्यादा आहे. 95 असेल तर 4 तास, 100 असेल तर 2 तास आणि 115 असेल तर फक्त 15 मिनिटं. अमेरिकेची निऑश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था यापेक्षा कडक हिशेब धरते. ती 8 तासांना 85 च म्हणते, आणि 95 असेल तर पाऊण तासाच्या आसपास. मला हाच हिशेब खरा वाटतो. 90 च्या मर्यादेतही काही लोकांचे कान जातातच. शिवाय हंगामात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात, तेव्हा 8 तासांचा आकडा तसाही लागू पडत नाही.

जिनिंगच्या हॉलमध्ये डबल रोलरच्या मशीन ओळीने उभ्या असतात. त्यात ब्लोअर आणि पत्र्याचं छप्पर, म्हणजे आवाज वर जाऊन पुन्हा खाली येतो. तिथे नेमके किती डेसिबल आहेत ते मोजल्याशिवाय कुणी सांगू नये. पण एक सोपी खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तिथे 85 च्या वर आवाज आहे असं समजा. आबांना विचारा, तिथे ते कसे बोलतात. बहुतेक खुणेनेच बोलत असतील.

आता कानात नेमकं काय होतं ते पाहू. आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात प्रत्येक कानाला साधारण 15 हजार केसपेशी असतात. उभ्या बाजरीवरून बैलगाडी गेल्यासारखं होतं बघा. एकदा गेली तर बाजरी वाकते आणि सकाळपर्यंत पुन्हा उभी राहते. रोज जात राहिली की ताट मोडतं. भावाला पहिल्या महिन्यात रात्री ऐकू येणारी शिट्टी ही वाकलेल्या पेशींची हाक होती. आता तो काही म्हणत नाही म्हणजे कान सरावला, असं घरच्यांना वाटत असेल. कान सरावत नाही ताई. माणसाला शिट्टीची सवय होते. आणि या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

सगळ्यात आधी मरतात त्या 4000 हर्ट्झच्या आसपासचे बारीक, टोकदार आवाज टिपणाऱ्या पेशी. म्हणून माणूस एकदम बहिरा होत नाही. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. स, श, ख, थ, फ, च ही अक्षरं बारीक आवाजाची आहेत, ती गळून पडतात आणि मागे नुसते स्वर राहतात. ‘साखर’ आणि ‘भाकर’ दोन्ही सारखेच ऐकू येतात. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज मुळातच वरच्या पट्टीतले, म्हणून ते आधी जातात. आबांना मित्राचा घोगरा आवाज कळतो आणि नातीचं बोलणं कळत नाही, ते यामुळे. “समदं आयकू येस” हे ते खोटं बोलत नाहीत. त्यांना आवाज येतोच आहे. तुमच्या आईला हे जरूर सांगा. अशा घरांमध्ये बायकोला वाटत राहतं की हा माणूस मुद्दाम ओ देत नाही. कित्येक वर्षांचे रुसवे-फुगवे त्यावर उभे असतात.

तुम्ही लिहिलंय की आखाजीला हंगाम संपून पंधरा-वीस दिवस झाले होते. तुमच्या पत्रातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पाळी संपल्यावर कान सुन्न होतात, ते बहुधा एका रात्रीच्या शांततेने सावरतात. पंधरा दिवसांच्या विश्रांतीनंतरही ऐकू येत नसेल तर तो थकवा नाही, ते नुकसान आहे. मात्र सगळा दोष मशीनवर टाकायची घाई करू नका. डावा कान वाहतो म्हणजे पडद्याला भोक असू शकतं आणि तेवढ्या भागाचं ऐकू न येणं उपचाराने सुधारूही शकतं. कानाच्या मागच्या हाडावर यंत्र ठेवून एक तपासणी करतात. पडद्याकडचा दोष किती आणि आतल्या पेशींचा किती, हे त्यातून वेगळं कळतं. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कान-नाक-घसा विभागात दाखवा आणि ‘ऑडिओमेट्री’, म्हणजे ऐकण्याची तपासणी, ‘करायची आहे’ असं सांगा. हंगाम बंद आहे, कान विश्रांती घेतलेले आहेत, तपासणीला याहून चांगली वेळ वर्षात येत नाही. आणि भावालाही बरोबर न्या. 22 व्या वर्षीचा त्याचा आलेख हातात असला, तर दरवर्षी त्याच्याशी ताडून पाहता येईल. आवाजाने होणारं नुकसान पहिल्या दहा-पंधरा वर्षांत सगळ्यात वेगाने होतं. म्हणजे सध्या जास्त धोक्यात असलेला माणूस आबा नाहीत, तुमचा भाऊ आहे.

आता खरेदी. डब्यावरच्या आकड्यांनी तुम्ही गोंधळलात, ते साहजिक आहे. 29 हा आकडा अमेरिकी पद्धतीचा असतो, तिथे ‘एनआरआर’ असं लिहिलेलं असतं. 37 हा युरोपीय, तिथे ‘एसएनआर’ असतं. एकाच फोमच्या प्लगवर एकीकडे 29 आणि दुसरीकडे 37 असं छापलेलं मी पाहिलंय. दोन्हींची तुलना करू नका. भारतीय मानक ब्यूरोचं कानाच्या संरक्षक साधनांसाठी आयएस 9167 हे मानक आहे. ते किंवा युरोपचं ईएन 352 डब्यावर लिहिलेलं असेल तर वस्तू तपासलेली आहे एवढं समजा. काहीच लिहिलं नसेल तर घेऊ नका, मग किंमत दोन हजार का असेना.

शिवाय तो आकडा प्रयोगशाळेतला असतो. तिथे शिकलेला माणूस शांतपणे बसून प्लग बसवतो. कारखान्यात तेवढं संरक्षण मिळत नाही. अमेरिकी आकड्यासाठी मी आयुष्यभर एकच ढोबळ हिशेब वापरला. त्यातून 7 वजा करायचे आणि उरलेल्याचा निम्मा धरायचा. 29 चा प्लग असेल तर 22 चा निम्मा, म्हणजे 11. हॉलमध्ये समजा 95 असतील, तर कानात 84 पोचतील. नीट बसवला तर याहून बरंच जास्त वाचतं, वेंधळेपणाने बसवला तर काहीच नाही. कानाच्या आत 75 ते 80 राहिले की छान. अगदी 70 च्याही खाली नेणारी साधनं घेऊ नयेत. माणूस एकटा पडल्यासारखा होतो आणि हाक ऐकू यावी म्हणून ती काढून टाकतो.

आणि काढणं हाच खरा घातक प्रकार आहे. एक हिशेब करून दाखवतो. तुम्ही 30 डेसिबल वाचवणारं उत्तम साधन घेतलं. 8 तासांच्या पाळीत माणसाने आवाजातच ते फक्त अर्धा तास काढून ठेवलं. दिवसाचं एकूण संरक्षण 30 वरून 12 डेसिबलवर येतं. तासभर काढलं तर 9 वर. त्या अर्ध्या तासात कानात गेलेला आवाज उरलेल्या साडेसात तासांच्या कितीतरी पट असतो. म्हणून मी नेहमी सांगत आलो की आकडा मोठा पाहू नका. माणूस पूर्ण पाळी कुरकुर न करता घालून ठेवील अशी वस्तू पाहा. दोन हजारांचे मफ उकाड्यात दर दहा मिनिटांनी उचलले जात असतील, तर त्यांच्यापेक्षा दहा रुपयांचा टिकून बसलेला प्लग सरस.

भावासाठी फोमचे प्लग चांगले, पण एक अडचण आहे. फोम बोटांत वळून बारीक करावा लागतो. जिनिंगमध्ये हात रुईच्या धुळीने आणि ग्रीसने भरलेले असतात. सकाळी हात धुऊन घातला तर ठीक, जेवणाच्या सुट्टीनंतर मळकट बोटांनी वळून घातला की कान बिघडतो. म्हणून त्याला दोन प्रकार घेऊन द्या. फोमच्या दहा-बारा जोड्या घ्या. आणि सिलिकॉनचे, एकाखाली एक तीन छत्र्या असल्यासारखे दिसणारे प्लग येतात, त्यांची एक जोडी घ्या. हे वळावे लागत नाहीत, दांडीला धरून आत बसवतात, साबणाने धुता येतात आणि बरेच महिने टिकतात. ते लहान-मोठ्या मापात मिळतात. दोन्ही कानांची मापं वेगळीही असू शकतात, तेव्हा घालून पाहूनच घ्या. फोम मात्र धुवायचा नसतो. मळला, कडक झाला किंवा दाबल्यावर फुगेनासा झाला की टाकून द्यायचा.

दोरीवाले प्लग हरवत नाहीत म्हणून लोक घेतात. जिनिंगमध्ये पट्टे आणि रोलर फिरत असतात, तिथे गळ्यात लोंबणारी दोरी नको. गमछ्याचं टोक ओढलं जाऊन झालेले अपघात मी पाहिले आहेत, ते इथे लिहीत नाही. जळगावच्या डाळ मिलमध्ये काम करणारं तुमचं कुणी असेल तर त्यांच्यासाठी उलटा सल्ला. तिथे प्लग डाळीत पडला तर सापडला पाहिजे, म्हणून दोरीवाले, ठसठशीत निळे आणि धातूशोधक यंत्रात दिसणारे प्लग वापरतात. दोरी शर्टाच्या आतून घ्यायची.

प्लग कसा घालायचा हे मला नऊ वर्षं कुणी दाखवलं नव्हतं. कापूस सुटल्यावर आणखी दोन वर्षं मी प्लग निम्मा बाहेर ठेवूनच फिरत होतो. म्हणून हे सविस्तर लिहितो, भावाला वाचून दाखवा. उजव्या कानासाठी प्लग उजव्या हाताच्या बोटांत धर. हळूहळू वळ, दाबून चपटा करू नकोस, घडी पडता कामा नये, अगदी अगरबत्तीसारखा बारीक झाला पाहिजे. डावा हात डोक्यावरून पलीकडे ने आणि उजवा कान वर आणि मागे ओढ. कानाचं भोक सरळ नसतं, त्याला बाक असतो, तो ओढल्याने सरळ होतो. आता प्लग आत सरकव आणि बोटाच्या टोकाने तसाच धरून मनात तीस आकडे मोज. फोम आत फुगतो आणि भिंतींना चिकटतो. बोट लगेच काढलं तर फुगताना तो बाहेर येतो. पाहणाऱ्याला समोरून प्लगचं टोक ठळक दिसत असेल तर तो नीट गेलेला नाही, काढून पुन्हा घाल. मशीनजवळ उभं राहून दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाब आणि सोड. आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग नीट बसलाय. फरक पडला तर आवाज कुठून तरी आत येतोय. काढताना झटका देऊ नकोस, पिळत पिळत सावकाश ओढ, नाहीतर पडद्याला ताण बसतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी घरी आठ-दहा वेळा सराव झाला की पुढे अडत नाही.

तंबाखू किंवा सुपारी चघळणाऱ्यांना आणखी एक सांगायचं. जबडा हलला की कानाचं भोकही हलतं आणि प्लग हळूहळू बाहेर सरकतो. चघळणारा माणूस असेल तर तासा-दोन तासांनी प्लग पुन्हा बसवायला हवा. तंबाखू सुटली तर उत्तमच.

आबांना प्लग नको म्हटलं ते वाहणाऱ्या कानामुळे. पडदा फाटलेला किंवा कान ओला असेल तर आत काही कोंबणं म्हणजे पू आत दाबून ठेवणं. कापसाचा बोळाही त्या कानात नको. गोडं तेल कोमट करून घालायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे, तीही या कानासाठी बंद करा. मफ बाहेरून बसतात, कानात काही जात नाही. 53 वर्षांच्या माणसाला घालायला-काढायलाही सोपे, आणि मुकादमाला लांबूनही दिसतात की घातलेत.

मफ घेताना वजन हातात घेऊन पाहा. गादी मऊ हवी आणि कानाच्या पाळीभोवती सगळीकडून टेकली पाहिजे. त्या गादीखाली जे काही येईल तिथून आवाज आत शिरतो. आबा डोक्याला गमछा बांधत असतील आणि त्यावर मफ चढवणार असतील, तर पैसे वाया गेले. मफ आधी थेट कातडीवर, गमछा वरून, आणि टोकं आत खोचलेली. टोपी घालत असतील तर मानेमागून पट्टी जाणारे मफ मिळतात, ते घ्या. रुईची धूळ फुप्फुसांत जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क लावतात, त्याचं इलास्टिक कानावरून घेतलं तर ते गादीखाली येतं. डोक्यामागून बांधायचा मास्क वापरा. चष्मा असेल तर बारीक काड्यांचा. घामाने गादी काही महिन्यांत कडक होते, चिरते. फक्त गादी बदलून मिळते का, हे विकत घेतानाच दुकानदाराला विचारा. हंगाम थंडीत सुरू होतो, पण फाल्गुन-चैत्रात पत्र्याखाली मफच्या आत घामाच्या धारा लागतात. तेव्हा तेच काढायला मन होतं. सुती फडकं खिशात ठेवून सुट्टीत, हॉलच्या बाहेर, कान आणि गादी पुसून पुन्हा चढवायची. काढायचे ते आवाजाच्या बाहेर जाऊन, एवढी एक सवय लागली पाहिजे.

आबा एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. ते म्हणतील, मी फिटर आहे, मशीन कुठे घासतेय ते मी कानाने ओळखतो. त्यांना सांगा, मफमुळे मशीनचा आवाज नाहीसा होत नाही, खाली येतो. आठ-दहा दिवसांत त्या खालच्या आवाजातही बिघाड ओळखू येतो, यंत्रशाळेतले माझे जुने फिटर असंच म्हणायचे. माणसांच्या बोलण्याचं मात्र दोघांसाठी वेगळं आहे. ज्याचे कान चांगले आहेत त्याला गोंगाटात प्लग घातल्यावर बोलणं बहुधा तेवढंच किंवा थोडं जास्तच स्पष्ट कळतं, कारण कानावरचा ताण कमी होतो. ज्याचे कान आधीच गेलेत त्याला हाक ऐकायला आणखी कठीण जातं. म्हणून आबांसाठी फार जड, फार बंद करणारे मफ नकोत, मध्यम आकड्याचे हवेत. मशीन चालू करण्याआधी दिवा लावायचा किंवा खांद्याला हात लावून इशारा द्यायचा, हे तिथल्या सगळ्यांशी ठरवून घ्या. पुढे डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलं तर ते घरासाठी, नातीचं बोलणं ऐकण्यासाठी. जिनिंगमध्ये ते काढून पेटीत ठेवायचं. बंद श्रवणयंत्र म्हणजे प्लग, असं समजू नये.

भावाच्या इअरफोनचं काय होतं ते सांगतो. बाहेर 90-95 असताना गाणं ऐकू यावं म्हणून तो मोबाईलचा आवाज त्याच्यावर चढवतो. म्हणजे मशीनचा मार आहेच, त्यात गाण्याची भर, आणि हाक ऐकायचा रस्ताही बंद. आवाज बंद करणारे हेडफोन खालच्या, एकसारख्या घरघरीवर चांगले चालतात, प्रवासात सुखाचे असतात. पण ते कारखान्यासाठी तपासून आकडा दिलेलं साधन नाही आणि टोकदार, वरच्या पट्टीतल्या आवाजापुढे त्यांचा उपयोग कमी. मिस्टरांचा हेतू चांगला आहे, तेच पैसे मफ आणि तपासणीवर लावा. आणि लग्नसराईत पाळी सुटल्यावर हळदीच्या डीजेसमोर नाचायला जाणं भावाने टाळावं. दिवसभर मार खाल्लेल्या पेशींना मिळणारी तेवढी एक रात्रच असते.

पैशांबद्दल. तुम्ही लेक म्हणून प्रेमाने घेऊन देताय, पण ही साधनं देणं मालकाचं काम आहे आणि त्यासाठी कामगाराकडून पैसे घेता येत नाहीत. 1948 च्या कारखाने कायद्यात हे होतं, त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. आवाजाने येणारा बहिरेपणा दोन्हींच्या सूचनीय आजारांच्या यादीत आहे, म्हणजे असा रुग्ण आढळला की सरकारला कळवावं लागतं. राज्यात हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहतं. बहुतेक शेठ वाईट नसतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आबांसारख्या जुन्या फिटरने चार जणांना बरोबर घेऊन हंगामाआधी मागितलं, तर प्लगचा एक डबा येणं अवघड नाही. त्याच बैठकीत ढिले गार्ड आवळणं, झिजलेली बेअरिंग बदलणं, ब्लोअरच्या खाली रबर घालणं, ब्लोअर भिंतीपलीकडे नेणं हेही काढा. मशीनचा आवाज मुळात पाच डेसिबल उतरला तर तो सगळ्यांच्या कानातून उतरतो, प्लग विसरलेल्याच्यासुद्धा.

एक गोष्ट जिनिंगवाल्यांना सहसा कुणी सांगत नाही. फक्त जिनिंग-प्रेसिंग करणारे कारखाने हंगामी धरले जातात आणि ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, बाहेर राहतात. त्यामुळे आबांना ईएसआयचा दवाखाना किंवा भरपाई बहुधा मिळणार नाही. आवाजाने आलेला श्रवणदोष 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून धरला होता, त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे आणि तिथे मालकाची जबाबदारी येते. पण त्यासाठी एकाच मालकाकडची सलग सहा महिन्यांची नोकरी दाखवावी लागते, आणि हंगामी माणसाचं घोडं तिथेच अडतं. या नव्या संहितेतही हंगामी कारखाने ईएसआयबाहेरच आहेत. आबा फिटर आहेत, हंगाम नसतानाही दुरुस्तीला जात असतील तर त्या दिवसांची हजेरी लागते का ते पाहा. हजेरीकार्ड, पगाराच्या पावत्या, बँकेतल्या नोंदी जे असेल ते एका पिशवीत घालून ठेवा. ऑडिओमेट्रीच्या कागदावर ‘26 वर्षं जिनिंगमध्ये काम’ एवढी ओळ डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता तुमच्या मुलीला एक शिकवा. आजोबांशी बोलताना त्यांच्या उजव्या बाजूला, तोंड दिसेल असं बसायचं, ओरडायचं नाही, सावकाश बोलायचं. ओरडल्याने स्वर मोठे होतात, गळलेलं ‘स’ आणि ‘ख’ काही परत येत नाहीत. तोंड दिसलं की ती अक्षरं आबा ओठांवरून उचलतील. तपासणीसाठी दोघांना दसऱ्याच्या आधी घेऊन जा, कापूस यायला लागला की त्यांना सुट्टी मिळायची नाही. तपासणीचे दोन्ही आलेख मला पाठवलेत तर आबांच्या मफचा आकडा किती असावा ते मी कळवीन.